राजाबाईंचे चिंचोके

"ट्यूबलाइटखाली बघू नगंस. तितं समदे रंग खोटं बोलत्यात. हिकडं ये, दारात."

गिऱ्हाईक कुणीही असो, राजाबाई त्याला आधी खोलीबाहेर काढतात. ओढणीचा तुकडा एका हातात, ब्लाउजपीस दुसऱ्या हातात, दोन्ही उन्हात धरायचे, मान वाकडी करायची. "निळा जरा जास्त झालाय. पिवळ्याचं बोट लावते." आणि पुन्हा आत.

घणसोली गावात, नव्या टॉवरच्या सावलीत जुनी घरं एकमेकांना कोपर लावून उभी आहेत. त्यांतल्या एका घराच्या तळमजल्यावर राजाबाईंची रंगाची खोली आहे. आत दोन शेगड्या, मोठाली ॲल्युमिनियमची पातेली, मिठाची गोण, धुण्याच्या सोड्याचा डबा, आणि भिंतीला टाचणीनं टोचलेल्या रंगीत चिंध्या. मॅचिंग सेंटरवाले, टेलर, ब्युटी पार्लरच्या मुली, सगळे इथे येतात. राजाबाई पातेल्यात काठी फिरवतात, मधेच कापडाचं टोक उचलून बघतात, "च्च" करतात आणि पुडीतली रंगाची चिमूट सोडतात. त्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असतात. काल मोरपंखी होते, आज डाळिंबी. भाजीवाला सुटे पैसे देताना त्यांच्या तळव्याकडे बघून म्हणतो, "काकी, आज कंचा मूड?"

माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडच्या पलीकडचं. वडील घोंगड्या विणायचे. लग्न झालं आणि राजाबाई हौसेरावांच्या मागोमाग इकडे आल्या. हौसेराव तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. पाठीवर गोण घेऊन ट्रकच्या फळीवरून उतरताना एकदा घसरले, मणका दुखावला, आणि वजन उचलणं बंद झालं. तेव्हापासून घर चाललं ते या खोलीवर. मुलगी ज्ञानेश्वरी शिकली ती या खोलीवर, आणि महाप्याला पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये लागली तीही. घरात कुणी ते बोलून दाखवत नाही, पण तिघांनाही ठाऊक आहे.

त्या दिवशी राजाबाई एका टेलरला उन्हात उभं करून समजावत होत्या, तेवढ्यात मागच्या परसातून हाक आली.

"गो राजाबाय! भायेर ये! बग यो काय हाय!"

सुंदराबाई म्हणजे घरमालकीण. गावातल्या जुन्या आगरी घरातल्या, सत्तरीच्या पुढच्या, आवाज अजून पंचविशीतला. खोली त्यांची, परस त्यांचं, परसातली विहीरही त्यांची. त्या प्लास्टिकची बादली घेऊन आल्या आणि राजाबाईंच्या पायाशी दाणकन आपटली. बादलीतलं पाणी गुलाबी होतं. फिकं, पण गुलाबीच.

राजाबाईंनी सवयीनं मान वाकडी केली. "राणी हाय," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मना रंगाचा नाव सांगतंस?" सुंदराबाई कडाडल्या. "माज्या इरीत रानी कशी आयली त्या सांग!"

राजाबाईंचं तोंड उतरलं. लग्नसराई तोंडावर आली होती, आठवडाभर खोलीत राणी रंगाशिवाय दुसरं काही शिजलं नव्हतं. कापड रंगवून झालं की पातेल्यातलं उरलेलं पाणी मागच्या गटारात. गटार विहिरीच्या कडेनं जातं, पुढे नाल्याला, नाला खाडीला. इतकी वर्षं ते असंच चाललं होतं. राजाबाई मागच्या परसात धावल्या. विहिरीच्या बाजूला गटाराचा तळ तडकला होता आणि त्या फटीतून गुलाबी पाणी निवांत मातीत मुरत होतं.

"मावशी, शिमिट लावून घेऊ. आजच्या आज—"

"शिमिट लावशील. मंग? फुडल्या वर्सी परत फुटल. तुजा रंग काय गटारातून पलून जानार हाय?"

हौसेराव खाटेवरून उठून आले होते. प्रकरण मिटवावं म्हणून म्हणाले, "मावशी, तुम्हाला पाणी कशाला लागतंय? नळ हाय की. अगदीच लागलं तर टँकर मागवू."

यापेक्षा वाईट काही बोलता आलं नसतं.

"टँकर? माज्या नातवाची हलद हाय पुडच्या म्हयन्यात, हौसेराव! आमच्या घरातला नवरा कवा परक्या पान्यानं न्हाला नाय. त्याचा बापूस या इरीच्या पान्यानं न्हाला, आजा न्हाला. बाया गानी बोलत येतान, घरची सवाशीन पानी काडते. आनि तुमी बोलता टँकर! माज्या नातवाला टँकरनी धुऊ? त्यो काय बस हाय?"

टेलर हसला. सुंदराबाईंनी त्याच्याकडे बघितलं, तो ओढणी टाकून निघून गेला.

मग त्यांचा आवाज खाली आला, आणि राजाबाईंना त्याचीच जास्त भीती वाटली. "राजाबाय, तुज्याशी मी कवा वाकडी वागलंय का? नाय ना? मंग आयक. इहीर उपसून घेतंय, गटार बांदून घेतंय. पन रंगाचा पानी गटारात नाय पायजे. पानी सोच्छ करून सोडशील तर खोली तुजी. नाय जमला तर हलदीच्या आदी पातेली उचल."

---

संध्याकाळी घरात कुणी टीव्ही लावला नाही.

"मी म्हणतो, सोडून दे," हौसेराव म्हणाले. "लई रंगवलंस. बसू दोघं घरात."

"बसून काय करू? तुमचं तोंड बघू?"

"बरं हाय की अजून."

"आरशाला इचारा."

ज्ञानेश्वरी नुकतीच महाप्याहून आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या. ती उंबऱ्यावरच बसली. "आई, टेन्शन नको घेऊ. रंग पाण्यातून काढता येतो. तुरटीनं पण येतो, पण तुझ्या पाण्याला तुरटी खूप लागेल. आमच्या लॅबमध्ये एका मॅडमनी चिंचोक्यावर करून बघितलं होतं. चिंचोक्याचं पीठ. पाण्यात रंगाचे कण सुटे फिरत असतात ना, त्यांना ते एकत्र धरून ठेवतं, गोळे होतात, गोळे खाली बसतात. वरचं पाणी—"

"चिंचोकं?" राजाबाई उभ्याच राहिल्या.

"हो, पण आधी ऐक तरी. थोडंसंच—"

"आगं, चिंचोकं मला शिकीवतीस? माज्या बाच्या घरी चिंचोक्याबिगर दिवस उगवत नव्हता!"

आणि त्या सांगत सुटल्या. घोंगडी विणायच्या आधी लोकरीच्या ताण्याला खळ लावावी लागते, नाहीतर धागा तुटतो. खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, काळी टरफलं काढायची, भिजत घालायचे, कुटायचे, मग कढईत शिजवायचे, तार सुटेपर्यंत. अंगणभर ताणा पसरलेला, वडील एका टोकाला, आई दुसऱ्या टोकाला, हातात कुंचे. राजाबाईंचं काम कढई ढवळायचं. एखाद्याची घोंगडी लवकर विरली तर बाजारात लोक म्हणायचे, ह्यानं खळ चोरली. त्यासारखी दुसरी बदनामी नव्हती.

"आई, पण हे ताण्याला नाही लावायचंय—"

"अवो," राजाबाई नवऱ्याकडे वळल्या, "मार्केटात चिंच फोडत्यात तितं चिंचोकं मिळत्याल का?"

हौसेरावांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी काहीतरी उजळलं. मसाला मार्केटात त्यांना ओळखणारी माणसं अजून होती. "मिळत्याल का म्हणजे? ढीग पडल्यात. सयाजीला फोन लावतो." आणि दुसऱ्याच दिवशी सयाजी नावाचा त्यांचा जुना जोडीदार रिक्षातून चिंचोक्याची गोण घेऊन हजर झाला. गोण उतरवताना हौसेराव सवयीनं पुढे झाले. राजाबाईंनी नुसतं बघितलं, ते मागे झाले.

ज्ञानेश्वरी कामावर गेली होती, त्यामुळे राजाबाईंना अडवायला कुणी नव्हतं.

त्यांनी चिंचोके भाजले. गल्लीभर वास सुटला. टरफलं काढली, भिजत घातले, कुटले, आणि रंगाच्याच शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. काठी फिरायला लागली तशी त्या गुणगुणायला लागल्या. खळ रटरटली, चकाकली, काठीवरून लांब तार सुटली. वडिलांनी बघितली असती तर मान डोलावली असती, अशी खळ. रंगाचं उरलेलं पाणी आता गटाराऐवजी निळ्या ड्रममध्ये साठत होतं. राजाबाईंनी खळीची अख्खी बादली उचलली आणि ड्रममध्ये ओतली. खळ चोरायची नाही, हे त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक होतं.

ढवळलं. थांबल्या. पुन्हा ढवळलं. ड्रममधलं पाणी घट्ट व्हायला लागलं. रंग खाली बसायचं नाव नाही. उलट गुलाबी, निळा, हिरवा मिळून जो काही रंग झाला होता तो मस्तपैकी लोंबकळत राहिला. "बसंल, सावकाश बसंल," असं त्या म्हणाल्या. सकाळपर्यंत वाट बघितली, वरचं जरा पातळ दिसलं, तशी त्यांनी ड्रमची चावी सोडली.

पातळ पाणी आधी गेलं. त्याच्यामागून ती खळ गेली, आणि सुंदराबाईंनी नुकत्याच बांधून घेतलेल्या गटाराच्या वळणावर जाऊन बसली. वर ऊन. दुपारपर्यंत ती आंबली. माशा आल्या. वास आला. मागोमाग सुंदराबाई.

"गो राजाबाय! आदी पानी रंगवलास, आता खीर केलीस?"

"मावशी, मी काडते, आत्ता काडते—"

"काड! आनि वाटीत घेऊन तूच खा!"

राजाबाई गटारात उतरून खराट्यानं तो गुलाबी चिकट राडा ओढत होत्या, तेव्हा ज्ञानेश्वरी घरी आली. तिनं ड्रम बघितला, काठी बघितली, काठीवरची तार बघितली, आणि तोंडावर हात धरला. पण हसू दाबलं गेलं नाही.

"हस! हस तू! शिकलेली हायस ना!"

"आई, सॉरी. पण तू पाण्याची घोंगडी केलीस." ती खाली वाकली, तिनं आईच्या हातातला खराटा घेतला. "किती घातलंस?"

"बादलीभर."

"बादलीभर! आई, एवढ्या ड्रमला मूठभर पीठ पुरलं असतं. तेही न शिजवता. कच्चंच, बारीक दळून."

"मूठभर? एवढ्या ड्रमाला?" राजाबाईंना खरंच वाईट वाटलं. "एवढी कंजुषी कशापायी?"

"कारण जास्त झालं की उलटं होतं. थोडं असलं की एक चिंचोका चार कणांना धरतो. एवढं असलं की प्रत्येक कण आपापलं पांघरूण घेऊन बसतो, कुणी कुणाला चिकटत नाही. आणि वर हे सगळं अन्नच आहे, आई. पाण्यात अन्न टाकलं की ते नासणारच."

राजाबाई गटाराच्या कडेला बसल्या. राणी रंगाच्या हातांवर आता चिंचोक्याचे पापुद्रे वाळत होते. "माज्या हाताला कमी घालायची सवयच न्हाई गं," त्या म्हणाल्या.

---

मग रविवार आला आणि ओट्यावर काचेचे ग्लास मांडले गेले. स्टीलच्या पेल्यात तळ दिसत नाही, म्हणून ज्ञानेश्वरीनं कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून कटिंगचे ग्लास आणले होते. प्रत्येकात निळ्या रंगाचं तेच पाणी. एकात पीठ अगदी नखावर मावेल एवढं, पुढच्यात जरा जास्त, त्याच्या पुढच्यात आणखी.

"आता ढवळायचं. आधी जोरात, पीठ सगळीकडे जाईपर्यंत. मग हळू. एकदम हळू. गोळे धरायला लागले की ते मोडता कामा नयेत."

राजाबाईंनी चमचा घेतला. जोरात छान जमलं. हळू मात्र जमेना. आयुष्यभर काठी मारलेला हात. गोळा धरला की त्यांचा चमचा जाऊन तो फोडत होता. एक ग्लास बिघडला, दुसरा बिघडला.

"आई, हळू!"

"हळूच करतीया की!"

"ह्याला हळू म्हणत नाहीत, ह्याला लस्सी म्हणतात."

हौसेराव खाटेवर बसून गंमत बघत होते. "हिकडं आण," ते म्हणाले. त्यांनी ग्लास मांडीवर घेतला आणि चमचा फिरवला, इतका सावकाश की फिरतोय की नाही ते कळू नये. राजाबाई लग्नापासून याच सावकाशपणावरून त्यांना बोलत आल्या होत्या. जेवायला सावकाश, उठायला सावकाश, चहा निवेपर्यंत बशीत फुंकर. आता ग्लासात आधी धुकं धरलं. मग धुक्याचे कण झाले, कणांचे भुरभुरीत पुंजके झाले, आणि पुंजके एकामागून एक खाली उतरायला लागले. तळाशी निळसर गाळ साचला. वर पाणी उरलं, आणि त्या पाण्यातून हौसेरावांच्या लुंगीच्या चौकड्या दिसल्या.

तिघंही ग्लासावर वाकली.

"बाबा, तुम्हाला लॅबमध्येच घेते," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"पगार ठरव आदी."

"न्हेऊ नगंस त्यास्नी," राजाबाई म्हणाल्या, "आता हितंच लागतील." आणि पदराचं टोक उगाच डोळ्यांजवळ नेलं.

ड्रम ढवळायला हौसेरावांनी जुन्या वल्ह्यासारखी एक फळी केली. पीठ घालायचं ज्ञानेश्वरीनं दिलेल्या मापानं, राजाबाईंच्या हातानं नाही, हे घरात सर्वानुमते ठरलं. खाली बसलेला गाळ कापडावर वाळवायचा आणि पिशवीत बांधून ठेवायचा. तो झाडांना घालायचा नाही, कचऱ्यातही नाही. त्यात रंग आहे. लॅबचा घातक कचरा घ्यायला गाडी येते, तिच्यात तो द्यायचा, तशी ज्ञानेश्वरीनं साहेबांची परवानगी काढली.

निळ्याचा पहिला ड्रम निवळला तेव्हा राजाबाईंना धीर निघाला नाही. ग्लास भरून त्या परसात धावल्या.

"आई, थांब! पीएच बघायचाय अजून!" मागून ज्ञानेश्वरी ओरडली.

"नंतर बग!"

सुंदराबाई परसात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, एका डोळ्यानं तळ बघितला. पाणी काचेसारखं होतं. राजाबाई शाळेतल्या मुलीसारख्या हात मागे बांधून उभ्या.

"दिसतंय तर बरा," सुंदराबाई म्हणाल्या. "पन दिसन्यावर काय हाय? मना हलद कालवून बगू दे." त्या आत गेल्या, हळदीची चिमूट आणली आणि पाण्यात सोडली.

हळद पिवळी राहिली नाही. ती बघता बघता लाल झाली. लाल, म्हणजे अगदी रक्तासारखी.

"गो आये!" सुंदराबाईंच्या हातातून ग्लास सुटला.

राजाबाई मागच्या भिंतीला टेकल्या. लग्नाच्या घरात, हळदीच्या तोंडावर, हळदीचं रक्त. सुंदराबाई भिंतीला टेकून बसल्या. "घेऊन जा. तुजा पानी घेऊन जा. आनि पातेली पन."

ज्ञानेश्वरी पीएचचा कागद हातात घेऊन धापा टाकत आली तेव्हा दोघीही दोन भिंतींना टेकलेल्या होत्या आणि मधे काचा. तिनं जमिनीवरचा लाल डाग बघितला.

"आजी, हे रक्तबिक्त काही नाही. हा सोडा आहे. रंग कापडाला धरायला आई सोडा घालते ना, तो पाण्यात राहिलाय. सोड्यात हळद लाल होते. साबणानं हळदीचा डाग धुताना नाही का लाल होत?"

सुंदराबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग राजाबाईंकडे. हळदीच्या डागाला साबण लागल्यावर काय होतं हे त्या परसात कुणाला शिकवायची गरज नव्हती.

"मग रंग गेला तरी सोडा हायेच," राजाबाई हळूच म्हणाल्या.

"तेच सांगत होते मी. तू धावलीस."

"सोडा मारायला आंबट लागंल," हौसेराव मागून येऊन उभे राहिले होते. "चिंच चालंल का?"

ज्ञानेश्वरीनं विचार केला. "चालेल. कोळ गाळून, थोडा थोडा. आधी आंबट, मग चिंचोका. आणि बाबा घालतील, आई नाही."

"म्या काय केलंय आता?"

"बादली," दोघंही एकदम म्हणाली.

सुंदराबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते तांदळाच्या सुपात लपवलं. "हलदीनं बगायचा," त्या म्हणाल्या. "तुज्या त्या कागदानं नाय. हलद पिवली राहिली तर मी हो बोलीन."

ज्ञानेश्वरीनं कागदानंही बघितलं आणि हळदीनंही. कोळ घालत घालत एका ठिकाणी दोघांचं एकमत झालं. गटारातून आता जे पाणी जायचं ते बघायला पहिले काही दिवस सुंदराबाई रोज खुर्ची टाकून बसायच्या. मग खुर्ची टाकणं सुटलं. विहीर दोनदा उपसली. तिसऱ्यांदा भरली तेव्हा पाण्याला फक्त मातीचा रंग होता, आणि तोही खाली बसला.

---

एकच रंग ऐकेना. राणी.

निळा बसायचा, हिरवा बसायचा, डाळिंबी बसायचा, काळ्यानं त्रास दिला पण तोही बसला. राणीत पीठ कमी करून बघितलं, जास्त करून बघितलं, कोळ आधी, कोळ नंतर. गोळे धरायचे, खाली बसायचे, आणि वरचं पाणी गुलाबीच. हौसेरावांचा हात दुखेपर्यंत झालं.

"आई, हा पाण्यात पार विरघळलेला असतो. ह्याला धरायला कणच नाहीत. चिंचोक्यानं नाही होणार."

"मग कशानं हुईल?"

"मला माहीत नाही अजून. विचारते. पण हळदीपर्यंत नाही."

राजाबाईंनी भिंतीवरची राणी रंगाची चिंधी काढली. टाचणी तशीच राहिली. लग्नसराईत राणी नाही म्हटलं की मॅचिंग सेंटरवाले तोंड वाकडं करायचे, दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. राजाबाई सांगायच्या, "डाळिंबी घ्या की. फोटोत तसाच दिसतोय." फोटोत तसा दिसत नव्हता हे त्यांनाही माहीत होतं.

हळद आठवड्यावर आली आणि सुंदराबाई आपल्या दोन सुनांना घेऊन खोलीत आल्या. सुनांच्या हातात पिशव्या. पिशव्यांत पांढऱ्या ओढण्या आणि परकर, घरातल्या सगळ्या बायकांचे.

"हलदीला समद्या बाया एका रंगात पायजेत," सुंदराबाई खाटेवर बसत म्हणाल्या. "पोरींनी ठरवलंय. रानी."

हौसेरावांनी फळी खाली ठेवली.

"मावशी," राजाबाई म्हणाल्या, "राणी म्या बंद केलाय."

"आमच्यासाटी चालू कर. एक दिस."

"त्यो रंग पाण्यातनं निघत न्हाई. गटारात सोडला की तुमची विहीर—"

"गटार पक्का हाय ना आता," थोरली सून म्हणाली. "एवढ्याशानं काय होतंय, काकी?"

"पक्कं कालबी होतं, तडा जाईपतूर." राजाबाईंनी पिशवी उचलून परत सुनेच्या हातात दिली. "मी न्हाई रंगीवणार."

"माज्या खोलीत बसून मना नाय बोलतंस?" सुंदराबाईंचा आवाज पुन्हा खाली गेला.

"तुमी म्हणाला हुता, रंगाचं पाणी नगं. तुमीच आता आणा म्हणताय. मावशी, खोली घ्यायची तर घ्या. पण हळदीच्या पाण्यात राणी उतरला तर माज्याच्यानं तुमच्यासमोर उभं ऱ्हावणार न्हाई."

धाकटी सून समजुतीनं म्हणाली, "जाऊ दे ना आई. आपन कोपरखैरण्याला देऊ रंगवायला. तिथं करतात राणी."

"हो, तिकडेच देऊ," थोरली उठली.

सुंदराबाई उठल्या नाहीत. त्या मागच्या दारातून दिसणाऱ्या विहिरीच्या कठड्याकडे बघत राहिल्या. हौसेराव काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात राजाबाईंनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

"तिकडं पानी कुठं सोडतान?" सुंदराबाईंनी विचारलं.

"आता ते आपल्याला काय माहीत, आई?"

"गटारातच सोडत असतील. तिकडं पन कुनाची तरी इहीर असंल. नाय तर खाडी हायेच." त्यांनी पदर सावरला. "नको. बस खाली."

"आई, पण सगळ्यांना राणीच सांगितलंय—" थोरली म्हणाली.

"मी सांगीन समद्यांना. बस." मग राजाबाईंकडे वळून, "जो खाली बसतो त्यो रंग दाखव. आनि ट्यूबलाइटखाली नको."

राजाबाईंनी भिंतीवरच्या चिंध्या भराभर काढल्या आणि सगळ्यांना दारात उन्हात आणलं. डाळिंबी धाकटीला आवडला, थोरलीला नाही. थोरलीला मोरपंखी, पण तो सुंदराबाईंना हळदीला चालेना. झेंडू म्हटलं तर हळदीत हळदच दिसायची. अर्धा तास तिघींचं भांडण दारात चाललं, येणारे-जाणारे थांबून मतं द्यायला लागले, भाजीवाल्यानंही दिलं. शेवटी आंब्याच्या पानाचा हिरवा ठरला, आणि तोही थोरलीनं "ठीक आहे" असं म्हणत घेतला, ज्याचा अर्थ ठीक नाही असाच होता.

सुना गेल्या. सुंदराबाई पिशव्या मोजून खोलीत ठेवत होत्या.

"मावशी," राजाबाईंनी चाचरत विचारलं, "मग खोलीचं?"

"खोलीचा काय?"

"तुमी म्हणाला हुता, हळदीच्या आदी पातेली उचल..."

सुंदराबाईंनी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं. "येवढे परकर परवापत्तूर पायजेत मना. पातेली उचलशील तर रंगवशील कशात? डोक्यात?" आणि दारातून बाहेर पडता पडता, हौसेरावांना, "हौसेराव, पानी तुमी ढवला. हिच्या हातात बादली देव नका."

राजाबाईंनी शेगडी पेटवली. मोठ्या पातेल्यात पाणी ओतलं, मीठ टाकलं, आणि हिरव्याच्या पुडीतली चिमूट बोटांत धरून क्षणभर थांबल्या. मग त्यातली अर्धी परत पुडीत सोडली.